आतड्याचा जोड: पिना की टाके?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडिलांच्या मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात गाठ निघाली आहे. तो भाग काढून लहान आतड्याचं टोक उरलेल्या मोठ्या आतड्याला जोडायचं ठरलं आहे आणि सर्जन म्हणाले की जोड स्टेपलरने करू. घरात कुणीतरी म्हणालं, ‘हाताने शिवलेलं ते शिवलेलं, पिनांचा काय भरवसा?’ आता तुम्हाला विचारायचंय की टाक्यांचा आग्रह धरावा का, पिना पुढे कधी सुटल्या तर काय, आणि अंगात धातू राहिल्यावर एमआरआय करता येईल का.

मी पोटाच्या शस्त्रक्रिया करतो. जोड दोन्ही पद्धतींनी करतो आणि दोन्ही पद्धतींचे जोड फुटलेलेही पाहिले आहेत, त्यामुळे कुठल्याच बाजूची वकिली करायची नाही. वडिलांचे रिपोर्ट माझ्यासमोर नाहीत, तेव्हा त्यांच्यापुरता निर्णय त्यांच्या सर्जनचाच. मात्र तो निर्णय कशावरून होतो, हे सांगता येईल.

सोपं आधी उरकतो. आतड्यात वापरतात त्या पिना टायटॅनियमच्या असतात. त्यावर चुंबकाचा परिणाम नगण्य, म्हणून एमआरआय करता येतो. तपासणीआधी ऑपरेशनची माहिती तेवढी द्यायची. त्या पिना काढायच्या नसतात, आयुष्यभर आत राहतात. पुढे कधी पोटाचा एक्स-रे काढला तर बारीक टिंबांची ओळ दिसेल, ती पाहून घाबरू नका. ऑपरेशननंतर दहा-बारा दिवसांनी ‘पिना काढल्या’ असं लोक सांगतात, त्या पोटाच्या कातडीवरच्या. तो वेगळा प्रकार.

आता खरा प्रश्न. ‘पिना सुटल्या तर?’ या भीतीमागे कागदाच्या स्टेपलरचं चित्र आहे. कागद दोन असतात ते दोनच राहतात, पीन निघाली की सुटे. आतड्याचं तसं होत नाही. ते जिवंत आहे, भरून येतं. जोड केल्यापासून पहिले काही दिवस तो खरोखर पिनांच्या किंवा दोऱ्याच्या जिवावर असतो. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास तर कडा आणखी नाजूक होतात, कारण जुनं कोलॅजन, म्हणजे भिंतीला ताकद देणारं तंतूंसारखं प्रथिन, विरघळत असतं आणि नवं अजून पुरेसं तयार झालेलं नसतं. त्यानंतर ताकद भराभर वाढते आणि दोनेक आठवड्यांत जोड बऱ्यापैकी स्वतःच्या पायावर उभा राहतो. स्लॅब टाकताना खाली सेंटरिंगचे टेकू लावतात, तसं पिनांचं काम. काँक्रीट पक्कं झाल्यावर टेकू काढून घेतात, इथे ते आतच राहतात एवढाच फरक. दहा वर्षांनी पीन सुटली आणि आतडं उघडलं, असं घडत नाही.

म्हणजे चिंता करायचीच तर ती पहिल्या दहा-बारा दिवसांची. या दिवसांत जोड गळला तर त्याला आम्ही लीक म्हणतो, आणि आमची झोप उडवणारा शब्द तोच. लीक होतं तेव्हा पिनेने किंवा दोऱ्याने दगा दिला असं क्वचितच निघतं. बहुतेक वेळा कडेला रक्त कमी पोहोचत होतं, किंवा दोन टोकं ओढून आणून जोडलेली होती, किंवा आतडं सुजलेलं होतं, किंवा रुग्णाची प्रकृतीच भरून येण्याजोगी नव्हती. जोडाला रक्त हवं, ओढ नको, हा नियम स्टेपलरच्या आधीपासूनचा आहे. टाका आतड्याच्या नेमक्या कुठल्या थरात धरतो हे हॉलस्टेड या अमेरिकन सर्जननी १८८७ मध्ये दाखवून दिलं: आतल्या अस्तराच्या लगेच बाहेरचा, सबम्युकोसा नावाचा चिवट थर. दोरा असो की पीन, पकड त्याच थरावर बसली पाहिजे.

पीन ही पकड कशी घेते ते बघा. न मारलेली पीन इंग्रजी यू अक्षरासारखी असते. जबड्यातून दाबली की तिचे दोन्ही पाय वळून आत येतात आणि आकार बी अक्षरासारखा होतो. त्या बीच्या दोन पोकळ्यांतून बारीक रक्तवाहिन्या वाहत्या राहतात, म्हणून पिनांच्या पलीकडची कड जिवंत राहते. पीन फार घट्ट बसली तर या वाहिन्या चेपतात आणि कड मरते. सैल बसली तर कडेतून रक्त येतं, कधी गळतंही. सगळा खेळ या मधल्या अंतराचा आहे.

म्हणून पिनांची कार्ट्रिज वेगवेगळ्या उंचीची मिळतात आणि ओळखायला रंग दिलेले असतात. पांढऱ्यातली पीन साधारण २.५ मिलिमीटरची असते आणि बंद झाल्यावर १ मिलिमीटर उरते, निळ्यातली ३.५ ची १.५ होते, आणि हिरवी त्याहून उंच, बंद झाल्यावर सुमारे २ मिलिमीटर. लहान आतड्याच्या पातळ भागाला पांढरी किंवा निळी, मोठ्या आतड्याला बहुधा निळी, जठराच्या खालच्या जाड भागाला हिरवी, असा ढोबळ हिशेब. कंपनीगणिक रंग आणि आकडे थोडे बदलतात, म्हणून सिस्टरकडून कार्ट्रिज हातात घेताना मी रंगाबरोबर आकडाही वाचून घेतो.

ही सवय मला कशी लागली ते सांगतो. उमेदवारीच्या काळात एका जठराच्या ऑपरेशनला मी स्टेपलर हातात धरून उभा होतो. जठराची भिंत चांगली जाड होती, लावलेलं कार्ट्रिज निळं होतं, आणि मी विचार न करता दाबलं. जबडा उघडला तर ओळ वरून ठीक वाटत होती. सरांनी चिमट्याने कड हलकेच उचलून धरली आणि म्हणाले, ‘जवळून बघ.’ मधल्या पाच-सहा पिनांचे पाय वळलेच नव्हते, नुसते टोचून उभे होते. सर काही बोलले नाहीत. त्यांनी दोरा मागवला आणि ती अख्खी ओळ वरून हाताने शिवून घेतली. रुग्ण व्यवस्थित घरी गेला. मला मात्र तेव्हा कळलं की पिनांची ओळ दुरून सुबक दिसणं याला काहीच अर्थ नाही.

आता वडिलांचं ऑपरेशन. उजवीकडचं मोठं आतडं काढल्यावर अडचण अशी येते की लहान आतडं अरुंद असतं आणि मोठं आतडं रुंद. तोंडाला तोंड लावायचं तर मापं जुळत नाहीत. स्टेपलरने हा प्रश्न छान सुटतो. दोन्ही आतडी शेजारीशेजारी धरायची, प्रत्येकात एक छोटं भोक करून स्टेपलरचा एकेक जबडा आत सरकवायचा. जबडे सात-आठ सेंटीमीटर लांब असतात. रक्तवाहिन्या आतड्याला जिथून येऊन मिळतात ती बाजू मधे सापडू द्यायची नाही, त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला जबडे लावायचे. मग बंद करायचं आणि थांबायचं. मी मनात पंधरापर्यंत मोजतो. या थांबण्यात आतड्याच्या भिंतीतलं पाणी दाबाने बाजूला सरकतं आणि पिनांना सारखी जाडी मिळते. घाईच्या दिवशी हे पंधरा सेकंद फार लांब वाटतात, पण ते वाचवायचे नसतात.

मग फायर. पिनांच्या चार रांगा बसतात, दोन या बाजूला, दोन त्या बाजूला. वीटकामासारख्या: एका रांगेतल्या फटीसमोर दुसऱ्या रांगेतली पीन. त्यांच्या मधून पातं फिरतं, आणि दोन नळ्यांमधली भिंत उघडून एक प्रशस्त दालन तयार होतं. स्टेपलर बाहेर काढल्यावर त्याच भोकातून आत डोकावून पिनांच्या ओळीतून रक्त येतंय का ते बघायचं. येत असेल तर तिथे एखादा बारीक टाका. शेवटी ते भोक बंद करायचं. काहीजण तेही स्टेपलरने करतात, मी हाताने शिवतो. आणि जोडाच्या टोकाशी, जिथे दोन आतडी एकमेकांपासून वेगळी होतात, त्या बेचक्यात एक आधाराचा टाका घालतो, कारण ओढ पडते ती तिथेच. म्हणजे ज्याला तुम्ही ‘स्टेपलरचा जोड’ म्हणताय त्यात माझ्या हातचं शिवणकाम असतंच.

कोणता जोड कमी गळतो? इथे तुम्हाला इंटरनेटवर दोन उलट उत्तरं सापडतील आणि दोन्ही खरी आहेत. लहान आणि मोठ्या आतड्याच्या नेमक्या याच जोडाबद्दलच्या प्रयोगांचा कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय अभ्यास तपासून त्यांचा निष्कर्ष काढणाऱ्या संस्थेने, एकत्र आढावा घेतला. त्यात सुमारे ११०० रुग्ण होते आणि स्टेपलरच्या जोडात लीक कमी दिसली. उलट युरोपातल्या कोलोप्रॉक्टॉलॉजी (मोठं आतडं आणि गुदद्वाराचे आजार) संघटनेने २०१५ मध्ये अनेक देशांतल्या ३२०० हून अधिक रुग्णांची पाहणी केली, त्यात लीक एकूण ८ टक्क्यांच्या आसपास निघाली आणि स्टेपलरच्या बाजूला थोडी जास्त. पहिल्या प्रकारच्या अभ्यासात रुग्ण निवडून, चिठ्ठ्या टाकून वाटलेले असतात. दुसऱ्यात रोजचं काम जसं चालतं तसं मोजलेलं असतं. माझ्या मते या दोन्हींतून निघतं ते एवढंच, की नियोजित ऑपरेशनमध्ये सर्जनने स्वतःच्या सवयीची पद्धत वापरावी. रोज स्टेपलर वापरणाऱ्याला तुम्ही आग्रहाने शिवायला लावलंत, तर वडिलांच्या वाट्याला त्याची कमी सरावाची पद्धत येईल.

पण काही परिस्थितींत मी स्वतः स्टेपलर बाजूला ठेवतो. आतडं अडकून फुगलेलं, पोटात पू झालेला, भिंत सुजून ओल्या गोधडीसारखी जड झालेली, अशा वेळी. यंत्राची बंद उंची ठरलेली असते, त्याला सूज कळत नाही. आज सुजलेल्या भिंतीवर नेमकी बसलेली पीन चार दिवसांनी सूज उतरल्यावर सैल पडू शकते. हाताने शिवताना प्रत्येक टाक्याला बोटांना अंदाज येतो, इथे थोडं जास्त घ्यावं, इथे ओढू नये. आणि काही वेळा दोन्ही नकोत. प्रकृती फारच ढासळलेली असेल तर जोड न करता तात्पुरता स्टोमा, म्हणजे पोटावर आतड्याचं तोंड, बाहेर काढणं शहाणपणाचं ठरतं.

याच्या उलट टोकाला गुदाशय, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग. खोल, अरुंद ओटीपोटात, विशेषतः पुरुषांच्या, तळाशी हात पोहोचवून गोल शिवणं हे भल्याभल्यांची परीक्षा घेतं. तिथे गोल स्टेपलर वरदान ठरलं. वरच्या आतड्याच्या तोंडात एक छत्रीसारखं टोक बसवायचं, बटव्याच्या नाडीसारखा टाका ओढून तोंड त्याभोवती आवळायचं, खालून गुदद्वारातून यंत्र आणायचं, दोन्ही जुळवून फायर करायचं. पिनांच्या दोन वर्तुळाकार रांगा बसतात आणि आतलं पातं मधली भिंत गोल कापून काढतं. खालचं टोकही स्टेपलरनेच बंद करून मग असा जोड करायची पद्धत १९८० पासून रुळली. एरवी कायमचा स्टोमा घेऊन जगावं लागलं असतं अशा पुष्कळ लोकांचा मार्ग त्यामुळे शाबूत राहिला.

हे यंत्र बाहेर काढलं की त्यात मांसाच्या दोन कड्या निघतात, वरच्या आतड्याची एक, खालच्याची एक. आम्ही त्यांना डोनट म्हणतो. ऑपरेशनमधला माझ्या मते सर्वांत शांत क्षण हा: सिस्टर ट्रे पुढे करते आणि मी त्या कड्या बोटावर चढवून गोल फिरवून बघतो. बांगडीसारखी सलग निघाली तर जीव भांड्यात पडतो. कुठे तुटलेली, पातळ दिसली, तर त्या जागी जोड अपुरा बसला असण्याची शंका, आणि मग शोध सुरू. त्यानंतर ओटीपोटात सलाइन भरायचं, जोडाच्या वरचं आतडं दाबून धरायचं आणि खालून हवा सोडायची. सायकलची ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून पंक्चर शोधतात, अगदी तसं. बुडबुडे आले तर त्या जागी टाके, किंवा जोड पुन्हा. कधी वर तात्पुरता स्टोमा देऊन जोडाला विश्रांती. वडिलांचा जोड वरच्या बाजूचा आहे, तिथे ही हवेची चाचणी सहसा करत नाहीत. तिथे कडेचा रंग, कापलेल्या टोकातून ताजं लाल रक्त येतंय की नाही, यावर भिस्त.

गोल स्टेपलरचा एक दोष लपवत नाही. तो जोड पुढे आकुंचन पावून अरुंद होण्याचं प्रमाण हाताच्या जोडापेक्षा जास्त असतं. बहुतेकदा दुर्बिणीतून फुगा फुगवून तो रुंद करता येतो. वडिलांच्या शेजारीशेजारी केलेल्या जोडाचं तोंड मुळातच मोठं असतं, तिथे ही अडचण फारशी येत नाही.

‘ही नवीन फॅशन आहे का?’ असंही तुम्ही विचारलंय. बुडापेस्टमध्ये ह्यूमेर ह्यूल्टल यांनी जठराच्या शस्त्रक्रियेत पिनांचं यंत्र वापरलं ते १९०८ मध्ये. वजन साडेतीन किलोच्या वर, आणि जोडणी करायलाच दोन तास. पिना मिटल्यावर बी आकार आणि वीटकामासारख्या रांगा, ही कल्पना तेव्हाचीच. पुढे १९५० च्या दशकात सोव्हिएत संस्थांनी यावर बरंच काम केलं. १९५८ मध्ये मार्क रॅविच हे अमेरिकन सर्जन तिकडे गेले असताना त्यांनी ही यंत्रं पाहिली, एक सोबत नेलं, आणि अमेरिकेत ती सुधारली गेली.

यंत्र बिघडू शकतं का? बिघडतं. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर नियंत्रण ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये सर्जनांना पत्र लिहून सावध केलं. २०११ ते मार्च २०१८ या काळात स्टेपलर आणि पिनांबद्दल ४१,००० हून जास्त नोंदी आल्या होत्या, त्यात ३६६ मृत्यू. पुढे २०२१ मध्ये शरीराच्या आत वापरायच्या स्टेपलरना अधिक कडक नियमांच्या वर्गात टाकलं. हा आकडा वाचून दचकू नका. नोंद म्हणजे यंत्रच दोषी असं सिद्ध झालेलं नसतं, चुकीच्या जाडीवर चुकीची पीन हेही त्यात येतं, आणि या काळात वापरलेल्या स्टेपलरची संख्या प्रचंड होती. पण माझ्या टेबलावर स्टेपलर उघडलेला असतो तेव्हा सुई-दोराही तयार असतो, तो याचसाठी.

तेव्हा सर्जनना ‘स्टेपलर की टाके’ असं विचारण्यापेक्षा, या जोडासाठी त्यांची नेहमीची पद्धत कोणती, स्टेपलर नीट बसला नाही तर काय करतात, आणि स्टोमा लागण्याची शक्यता कितपत, हे विचारा. चांगला सर्जन या प्रश्नांनी दुखावत नाही. वेळ वाचवायला स्टेपलर वापरतात का, हेही खुशाल विचारा. वाचतो, दहा-वीस मिनिटं, आणि वयस्कर माणसाला भुलेखाली तेवढं कमी राहणं काही वाईट नाही.

तुमच्या हातात काय आहे म्हणाल, तर ऑपरेशनच्या आधीचे दिवस. वडील सिगारेट-बिडी ओढत असतील तर आजच बंद. हिमोग्लोबिन कमी असेल तर ते सुधारण्याबद्दल विचारा, कारण उजव्या बाजूच्या गाठीतून नकळत रक्त जात राहतं आणि हे रुग्ण बरेचदा फिके पडलेले येतात. जेवण कमी झालं असेल, वजन उतरलं असेल तर आहारतज्ज्ञाची गाठ घ्या. स्टिरॉइडच्या गोळ्या, दम्याची असोत वा सांधेदुखीची, चालू असतील तर न विसरता सांगा, पण स्वतःहून बंद करू नका. या गोष्टी जोडाला पिनेच्या रंगाइतक्याच जवळच्या आहेत.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवसापासून द्रवपदार्थ सुरू केले तर ‘पिनांवर ताण येईल’ म्हणून वडिलांना उपाशी ठेवू नका. पोट रिकामं असलं तरी पाचकरस त्या जोडावरून जातच असतात. लवकर खाणं, लवकर चालणं आता आम्हीच सुचवतो.

लक्ष ठेवायचं ते वेगळ्या गोष्टींवर. माणूस दिवसागणिक थोडा थोडा बरा दिसायला हवा. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर रक्तातला सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारा घटक, उतरणीला लागायला हवा. तो चढत असेल, नाडी कारण नसताना शंभरच्या वर राहत असेल, ताप, पोट फुगणं, कमी होत आलेली दुखी पुन्हा वाढणं, किंवा नुसतंच ‘आज बरं वाटत नाहीये’ असं अस्वस्थपण, यातलं काहीही असलं की आम्ही सीटी स्कॅनचा विचार करतो. लीक बहुधा पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास उघड होते आणि तोवर पुष्कळ रुग्ण घरी पोहोचलेले असतात. म्हणून डिस्चार्जच्या वेळी रात्री-अपरात्री लागणारा फोन नंबर मागून घ्या. घरी आल्यावर वरचं काही दिसलं, तर गॅस झाला असेल म्हणून सकाळपर्यंत थांबू नका, त्याच रात्री फोन करा.